दोन, आणि पुढचा आकडा

जर्मन मी पुण्यात शिकले, तीन वर्षं, संध्याकाळच्या वर्गात. का शिकले याचं खरं उत्तर एवढंच की आमच्या गल्लीतल्या दोघी शिकत होत्या आणि वडिलांना वाटायचं, मुलीला एखादी परकी भाषा यावी. परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळाली, मग लग्न झालं आणि मी वॉटफर्डला आले. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. मुलगी लहान होती तोवर मी घरीच होते. ती शाळेत जायला लागली तसा कौन्सिलच्या लायब्ररीत अर्ज केला. फॉर्मवर ‘इतर भाषा’ असा रकाना होता. मराठी आणि हिंदी लिहिलं आणि जागा उरली म्हणून जर्मनही लिहून टाकलं. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल तो.

लायब्ररीची एक घरपोच सेवा होती. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे व्हॅनमधून मोठ्या टाइपातली पुस्तकं आणि कॅसेटी न्यायच्या, जुन्या परत आणायच्या. दर गुरुवारी माझी पाळी असे. एका सप्टेंबरात आमच्या मुख्य बाईंनी मला बोलावून घेतलं. कालव्याच्या बाजूच्या एका बंद गल्लीत, शेवटच्या बंगलोमध्ये, म्हणजे बिनमाडीच्या बैठ्या घरात, एक जर्मन म्हातारा एकटा राहतो, त्याला दिसत नाही, आणि त्याला पुस्तक नको आहे, फक्त आठवड्यातून अर्धा तास जर्मन वाचून दाखवणारं कुणीतरी हवं आहे, असं त्याची शेजारीण येऊन सांगून गेली होती. बाईंना माझा फॉर्म आठवला होता.

मी मनात त्यांना आजोबा म्हणत असे, तेच इथे लिहिते. सत्तरीच्या आसपासचे, उंच, दाढी स्वच्छ केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. युद्धात कैदी म्हणून इंग्लंडला आले होते, इथल्या शेतांवर काम केलं, सुटका झाल्यावर परत गेलेच नाहीत. पुढे गावाकडची मुलगी लग्न करून घेऊन आले. मुलं झाली नाहीत. दृष्टी गेली ती साठीनंतर, हळूहळू. हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांत त्यांनीच सांगितलं. बायको आता नाही, एवढं एक वाक्य तिच्याबद्दल. मी कोण, कुठली हे विचारलं आणि नवरा डॉक्टर आहे कळल्यावर मला ‘फ्राऊ डॉक्टर’ म्हणायला लागले. आपल्याकडे डॉक्टरीणबाई म्हणतात तसं. मी डॉक्टर नाही असं दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

घरात शिरताना मी सवयीने बूट दाराशी काढले. स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत सगळीकडे जमिनीवर लिनोलियम होतं आणि ते बर्फासारखं गार. माझी पावलं त्यांना ऐकू आली असावीत, किंवा ऐकू आली नसावीत म्हणून, पण ते म्हणाले, दाराजवळ सपाता आहेत, त्या घाला. मी घातल्या. करड्या लोकरीच्या, टाचेकडे झिजलेल्या. मला नेमक्या बसल्या.

वाचायचं होतं ते खेळांचं वर्तमानपत्र, आणि त्यातही फक्त फुटबॉल. जर्मनीच्या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये अठरा संघ. दर शनिवारी सामने, सोमवारी छापून येणार, पोस्टाने इथे पोचायला बुधवार-गुरुवार. आजोबांच्या गावाचा संघही त्यात होता, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला, आणि तो तळाशी होता. शेवटचे दोन संघ पुढच्या वर्षी खालच्या दर्जात जातात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला तोवर फुटबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. शनिवारी दुपारी आमच्या गावच्या ग्राउंडवरून गर्जना ऐकू यायची, तेवढाच माझा संबंध.

इथे घराघरांत जिन्याखाली कपाट असतं; बंगलोत जिना नव्हता, पण स्वयंपाकघराला लागून एक खोल कपाट होतं. त्यात वर्तमानपत्रांचा ढीग. आजोबा स्वतः आत जायचे, हाताने चाचपून वरचा अंक काढायचे, टेबलावर ठेवायचे आणि माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ओढायचे. मी वाचायची. सामन्याचं वर्णन, खेळाडूंना दिलेले गुण, मग सगळे निकाल, मग गुणतक्ता. प्रत्येक निकालापाशी पेन्सिलीने बारीक खूण केलेली असे. ती कुणी केली हे मी विचारलं नाही. माझे उच्चार ऐकून ते कधीकधी हसायचे, पण चुकीचं दुरुस्त करून देताना फार जपून बोलायचे.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी दोन संघांची नावं वाचली आणि आकडा वाचण्याआधी श्वास घेतला, तेवढ्यात ते म्हणाले, “तीन-एक.” कागदावर तीन-एकच होतं. पुढच्या ओळीलाही तसंच. त्यानंतर दर आठवड्याला कधी एखादा, कधी सगळे निकाल ते माझ्या आधी बोलू लागले. बढाई म्हणून नाही, जपमाळेचा पुढचा मणी ओढावा तसे. मला वाटलं, रेडिओवर ऐकत असतील. पण रेडिओ कोपऱ्यात होता, त्यावर भरतकाम केलेलं कापड आणि त्याची वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. दोऱ्यावर धूळ होती.

नोव्हेंबरातली एक गोष्ट मला नीट आठवते. मी वाचत असताना लेटरबॉक्समधून काहीतरी धप्पकन आत पडलं. दुपारच्या टपालाची वेळ होती. मी उठून पाहिलं तर तेच वर्तमानपत्र, गुंडाळी करून वर तपकिरी कागदाचा पट्टा चिकटवलेला. पट्ट्यावर पत्ता त्यांच्या बायकोच्या नावाने. मी म्हटलं, ताजा अंक आलाय, तो वाचू का? आजोबांनी हात पुढे केला आणि गुंडाळी माझ्याकडून घेतली. म्हणाले, “हा नाही. याची वेळ आली नाही.” आणि कपाटात जाऊन ढिगाच्या अगदी तळाशी सरकवून आले.

मला विचारायला हवं होतं. पण परक्या घरात, परक्या भाषेत, म्हाताऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारायची मला सवय नव्हती. शिवाय अर्धा तास संपला होता आणि व्हॅनचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

जानेवारीत स्टॅनमोरला एका मराठी डॉक्टरांकडे संक्रांतीचं जेवण होतं, सोयीसाठी रविवारी दुपारी ठेवलेलं. तिथे त्यांच्या हॉस्पिटलमधला एक तरुण जर्मन रजिस्ट्रार डॉक्टर पाहुणा म्हणून आला होता. गुळाची पोळी कशी खायची ते त्याला कुणीतरी शिकवत होतं. मला जर्मन येतं असं यजमानीणबाईंनी सांगितल्यावर मी थोडी फुशारकीनेच फुटबॉलचा विषय काढला. आमचा संघ तळाशी आहे, पण हिवाळ्याची सुट्टी संपली की वर येईल, नवा प्रशिक्षक चांगला आहे, असं सगळं मी आजोबांच्याच शब्दांत बोलले. तो पोळी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग फार सभ्यपणे म्हणाला की मी दुसऱ्या कुठल्या संघाबद्दल बोलत असेन. कारण तो संघ मागच्या उन्हाळ्यातच खाली गेला. या वर्षी तो वरच्या लीगमध्ये नाहीच. आणि मी म्हणते त्या प्रशिक्षकाला काढून टाकूनही कितीतरी महिने झाले.

मी हट्टाने म्हटलं की मी स्वतः वाचलंय, परवाच. तो हसला आणि विषय बदलला. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, अगं, नाव ऐकण्यात गल्लत झाली असेल. माझ्या डोळ्यांसमोर तो किंचित पिवळा पडलेला कागद होता. मला इतके दिवस वाटत होतं, जर्मन कागदच तसा असतो.

पुढच्या गुरुवारी मी बूट काढले, पण सपाता घातल्या नाहीत. नुसत्या मोज्यांवर आत गेले आणि टेबलावरच्या अंकाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख पाहिली. दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता. साल मागचं होतं.

“आज तुम्ही सपाता घातल्या नाहीत,” आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, हा अंक मागच्या वर्षीचा आहे. सप्टेंबरपासून मी सगळे मागच्या वर्षीचेच अंक वाचतेय.

त्यांनी टेबलावरचा अंक हाताने चाचपून सरळ केला. मग म्हणाले की मला फसवायचा त्यांचा हेतू नव्हता, कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मध्ये न थांबता.

डोळे गेल्यापासून त्यांची बायको त्यांना हा पेपर वाचून दाखवत असे, दर गुरुवारी, चहानंतर, खिडकीजवळच्या खुर्चीत. मागच्या फेब्रुवारीत, हिवाळ्याची सुट्टी संपून लीग पुन्हा सुरू झाल्यावर, ती अशीच वाचत होती. त्यांच्या संघाचा निकाल आला. तिने दोन्ही नावं वाचली, “दोन” म्हणाली आणि थांबली. त्यांना वाटलं, पान उलटतेय. मग वाटलं, मुद्दाम ताणतेय, कारण निकाल वाईट असला की तिला तो सांगायला आवडायचं नाही. ते दुसऱ्या आकड्याची वाट बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळाने चारचे ठोके दिले, मग साडेचारचा एक. तेव्हा त्यांनी हात पुढे केला. कागद अजून तिच्या बोटांत घट्ट होता.

“मी अर्धा तास त्या आकड्याची वाट पाहिली,” ते म्हणाले. “मी तिच्या समोर बसून फुटबॉलची वाट पाहत होतो.”

त्यानंतर आलेला एकही अंक त्यांनी फोडू दिला नाही. रेडिओची वायर बांधून ठेवली. शेजारणीला बजावलं की बाहेरून काही कानावर आलं तरी मला सांगू नकोस. तो सीझन त्यांच्या दृष्टीने तिथेच उभा होता. पण महिनोन्महिने तसं बसून राहणं जमेना, तेव्हा ठरवलं की पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा, त्या गुरुवारपर्यंत यायचं आणि त्याच्या पलीकडे जायचं. एकट्याने जमणार नव्हतं.

म्हणजे निकाल आधी सांगण्यात जादू काही नव्हती. ते सगळे त्यांनी एकदा ऐकले होते आणि वर्षभर मनात घोळवले होते. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पण मी त्या खुर्चीत बसले होते हे त्याच क्षणी मला जाणवलं, आणि पायांना लिनोलियमचा गारठा फार लागला.

मीही त्यांना माझी एक गोष्ट सांगितली, जी मी इथे कुणाला सांगितली नव्हती. माझे वडील पुण्यात गेले तेव्हा फोन आधी आला आणि त्यांचं पत्र नंतर, आठ दिवसांनी. निळं एरोग्राम, त्यांच्या अक्षरात पत्ता. मी ते दारात उभ्या उभ्याच फोडलं. त्यात त्यांनी विचारलं होतं की थंडी कितपत आहे. आजोबा म्हणाले, तुम्ही बरं केलंत. मला तसं वाटत नव्हतं.

निघताना त्यांनी एवढंच मागितलं की बाहेरून मला काही कळलं असेल तर ते सांगू नये. मी बरं म्हटलं. त्यांचा संघ खाली गेलाय हे मला ठाऊक होतं, आणि पुढचे चार महिने मला ते घेऊन त्या खुर्चीत बसायचं होतं.

मी सपाता पुन्हा घालायला लागले. न घालणं जास्त अवघड होतं.

फेब्रुवारीत ढिगात तो अंक वर आला. आजोबांनी तो टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखे मागे टेकून न बसता पुढे झुकून बसले. वरपासून वाचा म्हणाले. मी वाचत गेले. प्रत्येक निकालापाशी पेन्सिलीची खूण होती, आता ती कुणाची हे मला माहीत होतं. त्यांच्या संघाच्या ओळीशी पेन्सिल टेकली होती आणि तिथून एक फिकट रेघ खाली, पानाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती. मी त्यांना रेघेबद्दल सांगितलं नाही. दोन्ही नावं वाचली. “दोन,” मी म्हणाले. मी थांबले नाही, थांबणं हेच तिथे सर्वांत वाईट होतं.

“दोन,” मी म्हटलं, आणि माझ्याच बरोबर, त्याच क्षणी, तेही म्हणाले, “दोन.”

दोन-दोन. सामना बरोबरीत सुटला होता. ते मागे टेकले. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? त्यांनी मान हलवली. नाही. मला वाटलं, नकळत शेजारीण बोलून गेली असेल आणि हे विसरले असतील.

पुढच्या गुरुवारपासून बंद गुंडाळ्या सुरू झाल्या. पट्टा मी स्वतः कात्रीने कापायची. पट्ट्याचा डिंक सुकून काचेसारखा झालेला, शिक्का वर्षापूर्वीचा, आतला कागद गुंडाळीच्या आकारात आखडलेला, सरळ धरायला दोन्ही हात लागत. पहिली गुंडाळी मी कापायला घेतली तेव्हा आजोबा म्हणाले, “शून्य-तीन. हरले.” आत शून्य-तीन होतं.

त्याच्या पुढच्या आठवड्याला एक-शून्य म्हणाले. एक-शून्य. मग मी लायब्ररीची तारखेची चिठ्ठी बरोबर नेऊ लागले. ते बोलतील तो आकडा आधी चिठ्ठीवर लिहायचा, मग कात्री. एप्रिलच्या मध्यापर्यंत पर्समध्ये सात चिठ्ठ्या झाल्या. एकही चूक नाही.

नवऱ्याला दाखवल्या. तो भूलतज्ज्ञ, माणसं रोज त्याच्या हातांखाली जातात आणि परत येतात, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तो म्हणाला, साधी गोष्ट आहे, जे सगळ्या जर्मनीला वर्षभर ठाऊक आहे ते एका माणसाला ठाऊक आहे. कुणीतरी सांगितलंय. फोन असेल. मी म्हटलं, फोन नाही. तर म्हणाला, मग शेजारीण. मी शेजारणीला गाठून विचारलं. ती साठीची इंग्लिश बाई, गुडघ्यांनी त्रासलेली. तिने मला उलट विचारलं की जर्मन फुटबॉलचं मला काय कळणार, मी तर त्याला दूध आणि ब्रेड आणून देते.

एका आठवड्यात व्हॅन बिघडली आणि गुरुवार चुकला. मला चैन पडेना. शनिवारी दुपारी मुलीला नवऱ्याकडे सोपवून मी स्वतःच चालत गेले. ऊन होतं, कालव्याच्या कडेने लोक कुत्री फिरवत होते. आजोबांना आश्चर्य वाटलं नाही, त्यांनी गुंडाळी आधीच काढून ठेवली होती. मी कात्री उचलली तेवढ्यात गावच्या ग्राउंडवरून गर्जना आली, छपरांवरून, खिडकीची काच थरथरावी इतकी. आजोबांनी एक बोट वर केलं. गर्जना विरेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

“आमचा एकच गोल आहे,” ते म्हणाले. “उत्तरार्धात. डाव्या पायाने.”

मी पट्टा कापला. एक-शून्य. वर्णनात लिहिलं होतं, उत्तरार्धात, डाव्या पायाने. मला ते मोठ्याने वाचता येईना. कागद हातात थरथरून वाजत होता.

“तू कुडकुडतेस,” ते म्हणाले.

इतके महिने ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते. त्यांच्या भाषेतही तू आणि तुम्ही आहे आणि त्यातला फरक आपल्यासारखाच आहे, हे मी पुण्यात पहिल्याच आठवड्यात शिकले होते. आम्ही दोघांनीही ती चूक ऐकली. मी सगळं वाचून संपवलं आणि घरी आले, आणि तीन दिवस नवऱ्याला काही सांगितलं नाही.

जाणं बंद करावं असं मनात येत होतं. पण मग कुणी वाचलं असतं? आणि खरं सांगायचं तर मला शेवटाची भीती होती. त्यांना प्रत्येक निकाल कळत होता, म्हणजे शेवटचाही कळणार. ते तोंडाने सांगतील, मी चिठ्ठीवर लिहीन, आणि त्यांचा संघ खाली जाईल. निदान ते मला सांगावं लागणार नाही, एवढाच दिलासा.

मे संपला. शेवटची गुंडाळी. गुणतक्त्याप्रमाणे त्या दिवशी बरोबरी झाली असती तरी संघ वाचला असता. मी चिठ्ठी आणि पेन्सिल काढून बसले. आजोबा काही बोलेनात. मी वाट पाहिली. शेवटी त्यांनी कपाळावर हात फिरवला आणि म्हणाले, “आज मला कळत नाही. तुम्ही वाचा.”

मी पट्टा कापला. शून्य-एक. पानावर खेळाडूंचा फोटो होता, गवतावर बसलेले, एकाने शर्ट तोंडावर ओढून घेतलेला. हे घरातून निघताना मी ठरवलं नव्हतं. त्या खुर्चीत, त्या सपातांत बसून मी वर पाहिलं तर ते पुढे झुकून, अगदी साध्या माणसासारखे, ओठ किंचित उघडे ठेवून वाट पाहत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “एक-एक.”

घड्याळ टिकटिकत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. त्यांनी कान किंचित कलता केला, जणू आणखी काही यायचं बाकी आहे.

“आता लिहिलंय ते वाचा,” ते म्हणाले.

मी वाचलं. शून्य-एक. मग सामन्याचं सगळं वर्णन, खेळाडूंचे गुण, शेवटचा गुणतक्ता, अठराच्या अठरा ओळी. मध्येच माझा आवाज फुटला, त्यांनी थांबू दिलं नाही. संपल्यावर ते म्हणाले, “म्हणजे खाली गेले.” मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, जो ते उगाचच लावत, आणि दोन्ही डोळे रुमालाने पुसले. मला त्या दिवशी कळलं की ते संघासाठीसुद्धा रडत होते.

मग म्हणाले, आणि या वर्षी? या वर्षी काय करतायत ते? मी कपाटात गेले, तळाची गुंडाळी काढली, कालच आलेली. पहिल्यांदाच पिवळा न पडलेला कागद मी त्या घरात उघडला. दुसऱ्या दर्जाचे निकाल शेवटच्या पानांवर बारीक टाइपात होते. त्यांचा संघ चौथा होता.

त्यानंतर त्यांनी कधीही निकाल आधी सांगितला नाही. इतर कुणी ऐकावं तसे ऐकायचे, पंचाला शिव्या द्यायचे, त्यातल्या काही मी शिकले. सपाता एका गुरुवारी दाराजवळ नव्हत्या, त्यांच्या जागी नव्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्यासाठी आणलेल्या. एक नंबर मोठ्या.

त्या शरद ऋतूत एकदा मी धीर करून विचारलं की ते निकाल तुम्हाला कसे कळत होते? मला वाटलं होतं, बायकोचं नाव घेतील. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मला काही कळत नव्हतं, मला ऐकू यायचं. आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, खोलीत कुणी नसताना. आवाज तुमचा. तुम्ही गुरुवारी जे वाचायचात ते मी बुधवारी ऐकलेलं असायचं, उच्चारांच्या चुकांसकट.

आणि शेवटच्या वेळी?

“शेवटच्या वेळी दोन निकाल ऐकू आले,” ते म्हणाले. “एकामागून एक, वेगवेगळे. कुठला खरा ते कळेना, म्हणून गप्प बसलो.”

मी त्या दिवशी घरी आले तर मुलगी शाळेतून आली होती आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन मागे लागली. मी वाचायला लागले. ती माझ्या मांडीवर बसून माझ्या आधीच पुढचं वाक्य बोलली. ती गोष्ट मी तिला पन्नास वेळा वाचली होती, तिला पाठ होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि चहा करायला उठले.

दोन वर्षांनी आम्ही स्टॅनमोरला घर घेतलं, मी दुसऱ्या लायब्ररीत गेले. आजोबांकडे जर्मन वाचणारं कुणी मिळालं नाही. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा जात होते, मग सणासुदीला, मग नुसती कार्डं. नव्वदच्या सुरुवातीला शेजारणीचं पत्र आलं की ते गेले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही पाच माणसं होतो. नंतर तिने मला चहाला नेलं. शेवटच्या वर्षी त्यांची फार काळजी वाटायची, ती सांगत होती. एरवी चांगले असायचे, पण बुधवारी दुपारी दूध द्यायला गेलं की एक बोट वर करून मला गप्प करायचे आणि पाच-दहा मिनिटं तसेच बसायचे. कसलंही वाचन नाही, रेडिओ नाही, खोलीत कुणी नाही. मग बोट खाली घ्यायचे आणि माझे आभार मानायचे.

मी तेव्हा स्टॅनमोरला होते. बुधवारी दुपारी मी काउंटरवर असे, किंवा घरी स्वयंपाकघरात. जर्मनचा एक शब्द मी त्या वर्षभरात उच्चारला नव्हता. शेजारणीने विचारलं की आणखी चहा घालू का, आणि मी कप पुढे केला.